कंपनीवरचा टॅक्स शेवटी कोणाच्या खिशातून जातो, हे रेट बदलण्याआधी लिहून द्या

माननीय अर्थमंत्री,

हे पत्र कोणा एका देशाच्या मंत्र्याला नाही. ब्राझील, इंडोनेशिया, केनिया, कोलंबिया, भारत, दक्षिण आफ्रिका, व्हिएतनाम, अशा ज्या ज्या देशांना उदयोन्मुख अर्थव्यवस्था म्हणतात त्या सगळ्यांच्या अर्थमंत्र्यांना आणि त्यांच्या हाताखाली टॅक्सचे रेट ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांना आहे. कारण सगळीकडे मला एकच गोष्ट दिसतेय. कॉर्पोरेट टॅक्स कमी होतो, कधी वाढतो, नव्या कारखान्यांना सूट मिळते, मुदत संपली की ती सूट पुढे ढकलली जाते, भाषणं होतात, टाळ्या होतात, पण हा टॅक्स शेवटी कोण सोसतं याचं उत्तर कुठल्याच बजेटच्या कागदात सापडत नाही.

कंपनी सोसते, हे उत्तर नाही. कंपनी चलन भरते. पैसा माणसांकडूनच जातो. एक तर मालकाचा म्हणजे शेअरहोल्डरचा नफा कमी होतो, नाहीतर कामगाराचा पगार वाढायचा थांबतो, नाहीतर गिऱ्हाईकाला वस्तू महाग पडते, नाहीतर सप्लायरचा रेट कापला जातो. पाचवी वाट नाही असं नाही, त्यावर पुढे बोलते, पण बहुतेक भार या चौघांतच वाटला जातो आणि कोणाच्या वाट्याला किती हे देशागणिक, धंद्यागणिक बदलतं. टॅक्स कमी करताना तुम्ही म्हणता की फायदा कामगारांना होणार, पगार वाढणार. टॅक्स वाढवताना तुम्हीच म्हणता की सामान्य माणसाला काही फरक पडणार नाही, हे फक्त मोठ्या कंपन्यांवर आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही, कारण कपातीचा फायदा कामगाराला पोचत असेल तर वाढीचा भारही पोचणारच ना.

मी छोट्या सप्लायर कंपन्यांचे हिशेब बघते, रिटर्न भरते, म्हणून हा विषय माझ्यासाठी पुस्तकी नाही. तरी सुरुवात पुस्तकापासूनच करते कारण तुमचे सल्लागार तिथूनच सुरुवात करतात.

1962 मध्ये आर्नल्ड हार्बर्गर या अर्थशास्त्रज्ञाने एक गणित मांडलं. देशाची दारं बंद आहेत, भांडवल बाहेर जाऊ शकत नाही असं धरलं, तर कंपन्यांवरचा टॅक्स जवळजवळ सगळा भांडवलाच्या मालकांवरच पडतो, आणि तोही फक्त कंपन्यांच्या शेअरहोल्डरवर नाही तर सगळ्याच भांडवलावर पसरतो. पुढे दारं उघडी आहेत असं धरून तेच गणित केलं की निकाल उलटा येतो. देश छोटा आहे, भांडवल कुठेही जाऊ शकतं, मालाची किंमत जागतिक बाजार ठरवतो, तर मग जो हलू शकत नाही त्याच्यावर भार पडतो, म्हणजे कामगारावर आणि जमिनीवर. कपातीच्या बाजूने बोलणारा प्रत्येक सल्लागार हेच दुसरं गणित घेऊन येतो. तुमचा देश छोटा, उघडा, भांडवलाला तहानलेला, तेव्हा टॅक्स लावलात तर मरणार कामगारच, असं तो सांगतो आणि ते ऐकायला पटण्यासारखं असतं.

काही ठिकाणी ते खरंही आहे, हे मला मान्य करायलाच हवं. एक्स्पोर्टसाठी कपडे शिवणारा कारखाना घ्या. परदेशातला ब्रँड एका शर्टची शिलाई ठरवून देतो, त्यात एक पैसा वाढवून मिळत नाही कारण शेजारचे दोन देश तेच काम करायला तयार बसलेत. मशिनं उचलून सहा महिन्यात दुसरीकडे नेता येतात. मालकाला ठराविक परतावा मिळाला नाही तर तो पुढची लाइन इथे टाकणारच नाही. आता या कारखान्यावर टॅक्स वाढला तर तो जाणार कुठे? किमतीत जाणार नाही, मशिनवाल्यावर जाणार नाही, उरलं काय, तर शिवणाऱ्या बाईचा ओव्हरटाइमचा रेट, तासाच्या टार्गेटमध्ये वाढवलेले चार पीस, पर्मनंटच्या जागी घेतलेली कॉन्ट्रॅक्टवरची मुलगी, आणि बटणं-धागा देणाऱ्या सप्लायरचं पेमेंट जे 45 दिवसांवरून 90 वर जातं. पगाराच्या स्लिपवर कुठेही कॉर्पोरेट टॅक्स म्हणून ओळ नसते पण भार तिथेच येऊन बसतो. हे मी नाकारत नाही, आणि जे लोक म्हणतात की कंपन्यांवर हवा तेवढा टॅक्स लावा सामान्य माणसाला झळ लागत नाही, त्यांनी या लाइनवर एक शिफ्ट उभं राहून बघावं असं मला मनापासून वाटतं.

पण तुमच्या तिजोरीत येणारा कॉर्पोरेट टॅक्स मुख्यतः असल्या कारखान्यांतून येतो का? तुमच्याच खात्याकडची आकडेवारी काढा. बऱ्याच उदयोन्मुख देशांत मोठा हिस्सा येतो तो खाणी, तेल, बँका, टेलिकॉम, सिमेंट, बंदरं, वीज, सिगारेट-दारू असल्या धंद्यांतून. इथे भांडवल हलू शकतं हे गृहीतकच पडतं. तांब्याची खाण उचलून दुसऱ्या देशात नेता येत नाही. मोबाइल कंपनीला स्पेक्ट्रम इथला, टॉवर इथले, गिऱ्हाईक इथलं. तीन-चार बँकांकडे बाजाराचा मोठा हिस्सा असेल तर त्यांचा नफा हा नुसत्या भांडवलाचा मोबदला नसतो, त्यात जागेचा, लायसन्सचा, स्पर्धा नसण्याचा जादा नफा असतो, अर्थशास्त्रात ज्याला रेंट म्हणतात. असल्या जादा नफ्यावरचा टॅक्स बहुतांशी मालकच सोसतो, कारण टॅक्स भरूनही धंदा करणं परवडतंच, आणि किंमत तर त्याने आधीच गिऱ्हाईक सोसेल तिथपर्यंत ताणलेली असते.

म्हणजे एकाच देशात, एकाच रेटचा टॅक्स एका धंद्यात शिवणाऱ्या बाईवर पडतो आणि दुसऱ्या धंद्यात परदेशी शेअरहोल्डरवर. तरीही सगळ्यांना एकच रेट, सगळ्यांना एकच कपात, आणि भाषणात उदाहरण मात्र नेहमी कारखान्याचं. खाणीला आणि बँकेला मिळालेली कपात त्या उदाहरणाच्या मागून निघून जाते. रेंटवर टॅक्स लावतानाही तो नीट बांधावा लागतो हेही सांगते, नाहीतर एकांगी होईल. मंगोलियाने 2006 मध्ये तांबं आणि सोन्यावर 68 टक्क्यांचा विंडफॉल टॅक्स, म्हणजे भाव चढल्याने झालेल्या जादा नफ्यावरचा टॅक्स, लावला, नाव नफ्याचं होतं पण हिशेब विक्रीची किंमत ठराविक पातळीच्या वर गेली की त्यावरच्या रकमेवर, खाण चालवायला खर्च किती आला ते नीट धरलंच नव्हतं. 2011 पासून तो रद्द करावा लागला. रेंटवर टॅक्स लावायची कल्पना त्यात चुकीची नव्हती, टॅक्स कशावर मोजायचा ते चुकलं.

आता पुरावा काय सांगतो ते बघू, कारण तुम्हाला श्रीमंत देशांचे आकडे दाखवून पटवलं जातं. जर्मनीत नगरपालिका आपापला बिझनेस टॅक्स ठरवतात, त्यामुळे तिथे हजारो ठिकाणी रेट वेगवेगळ्या वेळी बदलले. फ्युस्ट, पाइखल आणि सीगलोख यांनी 2018 मध्ये त्यावरचा अभ्यास छापला, त्यात भाराचा साधारण अर्धा हिस्सा कामगारांच्या पगारावर पडतो असं निघालं. आणि त्यातही कमी कौशल्याचे, तरुण आणि बायका यांच्यावर जास्त. अमेरिकेतल्या राज्यांच्या टॅक्सवर 2016 मध्ये आलेल्या सुआरेझ सेर्राटो आणि झिदार यांच्या अभ्यासात मालकांवर सुमारे 40 टक्के, कामगारांवर 30 ते 35 आणि उरलेला जमीनमालकांवर असा हिशेब निघाला. (जमीनमालक ही ती पाचवी वाट.) अमेरिकी संसदेची बजेट कचेरी आपल्या तक्त्यांत 75 टक्के भांडवलावर आणि 25 टक्के श्रमावर धरते.

हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि जुळायलाही नकोत, कारण परिस्थिती वेगळ्या. पण एक गोष्ट सगळ्यांत समान आहे जी तुमच्या देशात नाही. तिथे कामगार बहुतेक पगारपत्रकावर आहे. जर्मनीत युनियन आहे, पगाराची वाटाघाटी होते, कंपनीचा नफा वाढला तर त्यातला वाटा मागायला कोणीतरी टेबलावर बसलेलं असतं, म्हणून नफा कमी झाला तर वाटाही कमी होतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2018 च्या अहवालात जगातले सुमारे 2 अब्ज लोक, म्हणजे काम करणाऱ्यांपैकी 60 टक्क्यांपेक्षा जास्त, अनौपचारिक कामात आहेत आणि त्यातले 93 टक्के उदयोन्मुख आणि विकसनशील देशांत. या माणसाचा पगार कुठल्या कंपनीच्या नफ्याशी बांधलेला आहे? त्याला कपातीतून पगारवाढ कुठल्या दाराने मिळणार? जो कंपनीच्या आतच नाही त्याच्यासाठी ते दारच नाही. कपातीचा फायदा त्याच्यापर्यंत जायचा रस्ता लांबचा आणि कच्चा, आणि भार मात्र त्याच्यापर्यंत झटकन पोचतो, तो सप्लायरमार्गे.

हे मी रोज बघते म्हणून थोडं सविस्तर सांगते. मोठी कंपनी छोट्या सप्लायरचं बिल देताना टॅक्स कापून घेते, तसा कायदाच आहे बहुतेक देशांत, कारण सरकारला हजार छोट्यांच्या मागे धावण्यापेक्षा एका मोठ्याकडून कापून घेणं सोपं. समजा 100 च्या बिलावर 3 कापले. या माणसाचं मार्जिन 6, त्यावर 25 टक्क्यांनी टॅक्स होतो दीड. म्हणजे देणं दीड, गेले तीन. उरलेला दीड रिफंड म्हणून परत यायचा, आणि तो येतो कधी तर वर्ष उलटल्यावर, कधी नोटीस येते, कधी मागच्या कुठल्या मागणीत वळता होतो. ज्या वर्षी तोटा झाला त्या वर्षी देणं शून्य आणि अडकले तीनही. तोपर्यंत तो बाहेरून व्याजाने पैसे घेऊन मजुरांचे पगार देतो, किंवा देत नाही, पुढच्या आठवड्यावर ढकलतो. कायद्याने हा टॅक्स नफ्यावर आहे. प्रत्यक्षात तो खेळत्या भांडवलावर लागलेला आहे आणि त्याचं व्याज मजूर भरतोय. रेट 30 वरून 22 केला काय किंवा 25 केला काय, रिफंड वेळेवर आला नाही तर या माणसाच्या आयुष्यात काहीच बदलत नाही, कदाचित अडकलेली रक्कमच वाढते, कारण देणं कमी झालं पण कापायचा दर तोच राहिला! हे वाक्य कृपया दोनदा वाचा, कपात जाहीर करताना हे कोणाच्या डोक्यातच नसतं.

विक्रीवरच्या मिनिमम टॅक्सचंही तसंच. नफा दाखवत नाहीत म्हणून अनेक देशांत उलाढालीवर थोडासा टॅक्स लावतात. पाकिस्तानच्या डेटावर 2015 मध्ये एक महत्त्वाचा अभ्यास आला होता, त्यात दिसलं की यामुळे चोरी खूप कमी होते. चांगली गोष्ट आहे. पण नफ्यावरचा टॅक्स आणि विक्रीवरचा टॅक्स यांचा भार वेगळ्या ठिकाणी पडतो, विक्रीवरचा टॅक्स खर्चाचा भाग होतो आणि किमतीत जाण्याची शक्यता जास्त, म्हणजे नाव कॉर्पोरेट टॅक्सचं आणि काम थोडंफार सेल्स टॅक्सचं. लावा हवं तर, पण गिऱ्हाईकही तो भरतोय हे कबूल करून लावा.

मोठे किती भरतात हा वेगळा राग आहे माझा. 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या परदेशी कंपन्यांच्या रिटर्नवरून केलेल्या अभ्यासात असं निघालं की टॅक्स वाचवायला देशाबाहेर वळवलेल्या एकूण नफ्यातल्या 98 टक्क्यांना सगळ्यात मोठ्या 10 टक्के मल्टिनॅशनल कंपन्या जबाबदार आहेत. डझनभराहून जास्त देशांच्या रिटर्नचा एकत्र अभ्यास झाला त्यातही हेच चित्र, प्रत्यक्ष भरलेल्या टॅक्सचं प्रमाण छोट्या कंपन्यांपासून वाढत वाढत मध्यम-मोठ्या कंपन्यांपर्यंत जातं आणि अगदी वरच्या टोकाला परत खाली येतं, कारण वरच्यांना सवलती मिळतात. म्हणजे भार कोणावर, याचं एक उत्तर मालक-कामगार या वाटणीच्या आधीच येतं: मधल्या कंपनीवर. जी सूट मागण्याएवढी मोठी नाही आणि लपण्याएवढी छोटी नाही, आणि बरेचदा पगारपत्रकावर माणसं ठेवणारी, पीएफ भरणारी तीच असते. तिचे कामगार भार सोसतात आणि शेजारच्या मल्टिनॅशनलचे शेअरहोल्डर सोसत नाहीत.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. कॉर्पोरेट टॅक्स कमी केला तर भरपाई कोण करतं? श्रीमंत देशांच्या ओईसीडी गटात एकूण टॅक्सच्या साधारण दहावा हिस्सा कॉर्पोरेट टॅक्समधून येतो. आफ्रिका आणि आशिया-पॅसिफिकच्या देशांत सरासरी जवळजवळ पाचवा हिस्सा. म्हणजे तुमच्यासाठी हा टॅक्स दुप्पट महत्त्वाचा, कारण तुमच्याकडे इन्कम टॅक्स भरणारे कमी आणि प्रॉपर्टी टॅक्स तर बहुतेक ठिकाणी नावापुरता. जगभरात 2000 साली सरासरी जाहीर रेट 28 टक्क्यांच्या आसपास होता, आता 21 च्या आसपास आहे, आणि या उतरंडीत तुम्हीही उतरलात. मग भोक पडतं ते बुजवायला हाताशी काय असतं, तर व्हॅट, इंधनावरचा टॅक्स, नाहीतर शाळा-दवाखान्यावरचा खर्च कमी करणं. आणि व्हॅट कोण भरतं यावर अर्थशास्त्रज्ञांत एवढा वाद नाही. कॉर्पोरेट टॅक्सचा किती भार कामगारावर पडतो हे 25 की 50 टक्के यावर भांडता येईल, पण त्याच्या जागी आलेल्या व्हॅटचा बहुतेक भार गिऱ्हाईकावर पडतो, आणि गिऱ्हाईक म्हणजे तोच कामगार अधिक तो अनौपचारिक मजूर ज्याच्यावर आधीचा टॅक्स थेट पडतच नव्हता. तुम्ही त्याचा भार हलका करतो म्हणता आणि हिशेब करून बघितला तर वाढवलेला असतो.

कोलंबियाचं उदाहरण सगळ्या अर्थमंत्र्यांनी समोर ठेवावं असं आहे. तिथे 2018-19 च्या कायद्यांनी कॉर्पोरेट रेट 33 वरून टप्प्याटप्प्याने 30 वर आणायचं ठरलं. मग कोविड आला, तिजोरी रिकामी झाली, आणि एप्रिल 2021 मध्ये सरकारने जे बिल आणलं त्यात व्हॅटची व्याप्ती वाढवायची होती आणि कमी कमाईच्या लोकांनाही इन्कम टॅक्सखाली आणायचं होतं. लोक रस्त्यावर उतरले, माणसं मेली. मे महिन्याच्या सुरुवातीला बिल मागे घेतलं, अर्थमंत्री अल्बर्टो कारास्किया यांनी राजीनामा दिला. आणि त्याच वर्षी दुसरा कायदा करून कॉर्पोरेट रेट 2022 पासून 35 केला, म्हणजे जिथून खाली यायला सुरुवात केली होती त्याच्याही वर. कोविड नसता तर काय झालं असतं सांगता येत नाही, पण भार कोणावर जातोय हे आधी लिहून काढलं असतं तर एप्रिलचं ते बिल त्या रूपात आलंच नसतं असं मला वाटतं.

केनियात जून 2024 मध्ये फायनान्स बिलावरून तरुण रस्त्यावर आले, त्या बिलाच्या मूळ मसुद्यात पावावर 16 टक्के व्हॅट होता. तिथलं मुख्य कारण कर्जाचं ओझं होतं, कॉर्पोरेट कपात नव्हती, ते मी मिसळत नाही. पण परदेशी कंपन्यांच्या शाखांवरचा रेट त्याच वर्षीच्या जानेवारीपासून 37.5 वरून 30 झाला होता आणि पाच महिन्यांनी पावाची पाळी आली, हे दोन निर्णय एका कागदावर शेजारी शेजारी ठेवून कोणी बघितले होते का एवढंच विचारते.

भारताने सप्टेंबर 2019 मध्ये रेट 30 वरून 22 केला, नव्या उत्पादन कंपन्यांना 15, आणि सरकारनेच सांगितलं की वर्षाला 1.45 लाख कोटी रुपयांचं उत्पन्न सोडतोय. उद्देश गुंतवणूक आणि रोजगार. पुढे काय झालं हे सरकारच्याच 2023-24 च्या आर्थिक पाहणीत आहे: 33 हजारांवर कंपन्यांच्या आकड्यांवरून, 2019-20 ते 2022-23 या काळात कंपन्यांचा करपूर्व नफा जवळजवळ चौपट झाला आणि नोकरभरती व पगार त्या प्रमाणात वाढले नाहीत. आणि 2023-24 मध्ये वैयक्तिक इन्कम टॅक्सची वसुली कॉर्पोरेट टॅक्सपेक्षा जास्त झाली. यात कोविड आहे, बाकी दहा कारणं आहेत, नफा वाढला तो फक्त कपातीने असं कोणी म्हणू नये. पण कपात पगारात उतरणार हे जर मूळ गणित होतं, तर ते निदान या आकड्यांत दिसत नाही. अमेरिकेतही 2017 मध्ये रेट 35 वरून 21 करताना व्हाइट हाउसच्या आर्थिक सल्लागारांनी सरासरी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला किमान 4,000 डॉलरने वाढेल असं सांगितलं होतं, नंतर टॅक्सच्याच डेटावर झालेल्या अभ्यासात कमाईतली वाढ कंपन्यांतल्या वरच्या 10 टक्के पगारवाल्यांना मिळाली आणि खालच्या 90 टक्क्यांत फरक दिसला नाही. मग जिथे युनियन नाही, लेखी करार नाही, तिथे ती खालपर्यंत झिरपेल असं कशावरून?

तुम्ही म्हणाल की आमच्या हातात काय आहे, शेजारी रेट कमी करतो म्हणून आम्हालाही करावा लागतो, नाहीतर गुंतवणूक जाते. ही भीती खरी आहे पण तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही. बाचास, फिशर-पोस्ट, जेन्सन आणि झुकमन यांनी 150 च्या वर देशांचा जुना डेटा गोळा केला, त्यात विकसनशील देशांत भांडवलावर प्रत्यक्ष पडणारा टॅक्स 1990 च्या आसपासपासून कमी नाही, वाढलाय, साधारण 10 वरून 20 टक्क्यांपर्यंत. व्यापार खुला झाला, मोठ्या कंपन्या आल्या, हिशेबाच्या वह्या आल्या, आणि टॅक्स गोळा करणं सोपं झालं. म्हणजे जाहीर रेट उतरत असतानाही वसुली करायची ताकद वाढतेय. ती ताकद सवलती देऊन वाया घालवू नका.

आणि एक जागा अशी आहे जिथे भार तुमच्या कुठल्याच नागरिकावर पडत नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये 130 च्या वर देशांनी मान्य केलं की वर्षाला 75 कोटी युरोच्या वर उलाढाल असलेल्या ग्रुपने प्रत्येक देशात किमान 15 टक्के टॅक्स भरायचा, कमी भरला तर फरक दुसरा देश वसूल करणार. आता विचार करा, अशा ग्रुपला तुम्ही टॅक्स हॉलिडे, म्हणजे काही वर्षं टॅक्समाफी, दिला तर त्याचं काय होतं? कंपनीला तो पैसा तसाही भरायचाच आहे, फक्त तुमच्या तिजोरीऐवजी तिच्या मूळ देशाच्या तिजोरीत. म्हणजे 15 टक्क्यांपर्यंत तुम्ही टॅक्स लावलात तर कंपनीचं एकूण देणं वाढत नाही, मग पगार कापायला कारणच नाही, भार पडतो तो परदेशी तिजोरीवर. 2025 मध्ये जी-7 ने अमेरिकी ग्रुपना या नियमांच्या काही भागातून बाजूला ठेवायचं मान्य केलं आणि त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा हिशेब आता एवढा सरळ राहिलेला नाही, पण देशाने आपल्या हद्दीत लावायचा किमान टॅक्स तुमच्याच हातात आहे. व्हिएतनामने तो 2024 पासून लावला. सोबत गुंतवणूकदारांना मदत करणारा फंडही उभारला, म्हणजे एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने काही परत, तो फंड कोणाला किती देतो यावर तिथल्या लोकांनी नजर ठेवायला हवी. पण निदान घेतला. ज्यांनी अजून लावलेला नाही ते आपल्या शाळांचे पैसे श्रीमंत देशांच्या खजिन्यात सोडून देतायत.

तर माझं मागणं असं. पुढच्या बजेटमध्ये कॉर्पोरेट टॅक्सचा कुठलाही रेट किंवा सूट बदलताना सोबत एक तक्ता जोडा, त्यात तुमच्या खात्याने काय गृहीत धरलंय ते लिहा: किती टक्के भार शेअरहोल्डरवर, त्यातले देशी किती परदेशी किती, किती पगारावर, किती किमतीवर. खाण-बँक-टेलिकॉमसाठी वेगळा, एक्स्पोर्टवाल्या कारखान्यांसाठी वेगळा. अंदाज असला तरी चालेल, जास्तीत जास्त आणि कमीत कमी असे दोन आकडे दिले तरी चालेल, अमेरिकेची बजेट कचेरी असं गृहीतक उघड लिहू शकते तर तुम्हीही लिहू शकता. त्याच तक्त्यात सुटलेलं उत्पन्न कशातून भरणार तेही हवं आणि त्या भरपाईचा भार उत्पन्नाच्या कुठल्या गटावर किती ते हवं, कारण कपात आणि भरपाई वेगळ्या वर्षी, वेगळ्या भाषणात आली की हिशेब कोणालाच लागत नाही. तीन वर्षांनी मागे वळून बघा की पगाराचा अंदाज खरा ठरला का, आणि नसेल तर सूट आपोआप संपेल अशी तारीख कायद्यातच घाला. भारतात नव्या कारखान्यांच्या 15 टक्क्यांना तारीख होती, एकदा वाढवली आणि मार्च 2024 ला संपू दिली, म्हणजे हे करता येतं. आणि यातलं काहीच या वर्षी जमणार नसेल तर निदान छोट्या सप्लायरच्या रिफंडला मुदत घाला, ती चुकली तर सरकारने स्वतःहून व्याज द्यायचं, अर्ज न मागवता. त्याला संसदेत मोठी चर्चा लागत नाही, बहुतेक ठिकाणी खात्याच्या एका परिपत्रकाने होईल.

तुमच्या उत्तराची वाट बघतेय.

आपली,
छोट्या कंपन्यांचे हिशेब लिहिणारी एक करदाती